झाकण लावून काढलेला फोटो

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. गेले काही आठवडे माझी कंबर अशी धरली आहे की मी वाकलेलाच असतो, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? खोकला थांबला का? मी करून दिलेली वरची कवळी नीट बसते आहे ना? रागावून बोलताना ती सुटते असं तू मागे कळवलं होतंस. त्यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला तुला सांगायची माझी हिंमत नाही आणि दुसऱ्यासाठी कवळी माझ्या कामाच्या टेबलावर यावी लागेल. बाकी इकडे सगळं ठीक. बाबा मजेत आहेत, निदान विचारलं की ते तसं सांगतात.

तुझं पत्र मिळालं. उभ्यानेच वाचलं, कारण तुझं रागाचं पत्र बसून वाचायची सोय नसते. तुला कुणीतरी (कुणीतरी म्हणजे तुझी लाडकी सूनबाई, माझी बायको, दुसरं कोण?) कळवलं आहे की मी रोज गच्चीवर नळकांडं लावून समोरच्या वकिलांच्या खिडक्यांत बघतो, फ्रिज बंद करून घरभर पाणी केलं, आणि कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढतो. शेवटच्या आरोपाखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. आत्या, यातला पहिला आरोप साफ खोटा आहे. दुसरा खरा आहे. तिसराही खरा आहे, पण तो वेडेपणा नाही, शास्त्र आहे, आणि ते तुला समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. (तसं चैन मला एरवीही पडत नाही. तू मला लहानपणी भिंगरी म्हणायचीस ते काय उगाच? हे पत्र सुरू केल्यापासून मी दोनदा उठून आभाळ बघून आलो. ढग आहेत.)

आधी हे खूळ लागलं कसं ते सांगतो. तुला वाटतं, आधी पेटी वाजवायला शिकणं झालं, मग पलंगाखाली मश्रूम झाले, तसंच हे. तसं नाही. माझं काम तुला माहीत आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे हातात धरून एकेक दात बसवायचा. जगातलं सगळ्यात लांबचं जे मी दिवसभरात बघतो ते माझ्या कोपराच्या अलीकडेच असतं. अशा माणसाला लांबचं काहीतरी बघावंसं वाटलं तर त्यात नवल काय? पण खरं कारण तेही नाही. खरं कारण बाबा. एके दिवशी संध्याकाळी जेवणं लवकर आटपली म्हणून मी त्यांना गच्चीवर नेलं. आम्ही लहान असताना ते आम्हाला गच्चीवर नेऊन बोट दाखवायचे, तो पुसट डाग दिसतो का, ती देवयानी, तो तारा नाही, ती आपल्यासारखी आख्खी दुसरी दीर्घिका आहे, तिथून निघालेला उजेड पंचवीस लाख वर्षं चालून तुझ्या डोळ्यात शिरतोय. मला तेव्हा कधीच काही दिसायचं नाही आणि मी हो हो म्हणायचो. बाबांना मात्र दिसायचं. जन्मभर नकाशे काढलेला माणूस तो, केसाएवढ्या रेघेतली चूक हातभर अंतरावरून पकडायचा. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ मान वर करून शोधलं आणि म्हणाले, गेली. शहरातल्या दिव्यांनी खाल्ली तिला. आणि खुर्ची न उचलताच खाली निघून गेले.

मला ते फार लागलं. माणसाने जन्मभर जपलेली एकच चैन, तीही या मेल्या दिव्यांनी हिसकावून घ्यावी? दुसऱ्याच दिवशी ठरवलं की देवयानीचा फोटो काढायचा, भिंतीएवढा मोठा करायचा आणि बाबांच्या समोर धरायचा. एक फोटोग्राफर दुकान बंद करत होता, त्याच्याकडून जुना कॅमेरा, दुर्बीण आणि आभाळाबरोबर हळूहळू फिरणारं एक यंत्र आणलं. म्हटलं, दुर्बीण देवयानीकडे करायची, बटण दाबायचं, चहा प्यायला खाली यायचं. आत्या, या वाक्यातला फक्त चहा शक्य झाला.

पहिली भानगड ध्रुव ताऱ्याची. ते यंत्र ध्रुवाशी अगदी नेमकं जुळवावं लागतं, नाहीतर प्रत्येक तारा ठिपका न येता अळी होऊन येतो. जुळवण्यासाठी यंत्राच्या पोटात एक लहानशी नळी असते, तिला डोळा लावायचा. ती नळी बनवणाऱ्याने माणसाची उंची विचारातच घेतलेली नाही. मांजराला ती बरोबर पडली असती. आमच्या गच्चीवर ध्रुव नेमका पाण्याच्या टाकीमागे. मग मी यंत्र उचलून गच्चीच्या त्या टोकाला नेलं, तर तिथून ध्रुव दिसतो पण देवयानी जिन्याच्या छपराआड जाते. असं त्या दोघांना एका जागेवरून बघायला मी गच्चीची इंच न् इंच जागा ओणव्याने तपासली, आणि कंबर धरली ती तेव्हा. शिवाय यंत्राच्या दुसऱ्या टोकाला वजन कमी पडत होतं, म्हणून मी एका डब्यात जबड्यांसाठीचं प्लास्टर ओतून स्वतःच वजन तयार केलं. ओतताना डब्यात एक जुना साचा राहिला होता. आता त्या वजनातून खालचे पाच दात बाहेर आलेले दिसतात. तेव्हापासून मोलकरीण गच्ची झाडायला जात नाही.

दुसरी भानगड वकिलांची. समोरच्या घरात निवृत्त वकील राहतात. त्यांनी अंगणात चोरांच्या भीतीने असा एक दिवा लावला होता की चोराला त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता आलं असतं. माझे फोटो त्या दिव्याने पांढरेफटक यायचे. मी विनंती केली, त्यांनी कायदा सांगितला. मी पुन्हा विनंती केली, त्यांनी मोठ्या आवाजात कायदा सांगितला, आणि दुर्बीण खिडकीत रोखल्याबद्दल नोटीस देतो म्हणाले. (खिडक्यांचा आरोप इथून आला. मी दिव्याकडे बघत होतो आत्या, दिव्याकडे! आणि त्या खिडकीत बघण्यासारखं काय आहे? बनियन घातलेले वकील.) शेवटी मी त्यांना गच्चीवर बोलावलं, खुर्ची दिली आणि दुर्बिणीतून देवयानी दाखवली. त्यांनी फार वेळ बघितलं, मग सरळ झाले आणि म्हणाले, तुमच्या काचेवर डाग आहे, आधी तो पुसा. मी सांगितलं की तो डाग म्हणजेच ती. त्यांनी पुन्हा बघितलं. घरी गेले आणि दिवा बंद झाला. आता रोज स्वतःची खुर्ची घेऊन येतात आणि ढग आले की ढगांना कायदा सांगतात.

तिसरी भानगड फ्रिजची. गच्चीवर वीज नाही, म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर वर घेतली आणि त्यासाठी कुठलातरी एक प्लग काढला. तो कुठला हे बघायला मला सवड नव्हती, कारण दुर्बिणीच्या भिंगावर दव साचत होतं आणि आभाळ क्वचितच असं स्वच्छ मिळतं. दव उडवायला मी सूनबाईचं केस वाळवायचं यंत्र घेतलं होतं. (तुझ्या पत्रात हा आरोप नाही, म्हणजे तिने तेवढं झाकलं. बायको चांगली आहे.) सकाळी दूध नासलं होतं, बर्फ वितळून स्वयंपाकघरात पाणीच पाणी. बाबा त्या पाण्यातून सरळ चालत गेले, आणि मोजे भिजल्यावर विचारलं, पाऊस झाला का रे रात्री? सूनबाई माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मी मात्र आनंदात होतो, कारण त्या रात्रीचे फोटो पहिल्यांदाच चांगले आले होते.

आता झाकण. नीट वाच, कारण याच्यावरून तू मला डॉक्टरला दाखवायला सांगितलं आहेस. आभाळातली वस्तू इतकी अंधूक की एका फोटोत काही येत नाही. एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. पण कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःचेही ठिपके असतात, नसलेले तारे. ते खऱ्या ताऱ्यांत मिसळले की चोर कोण आणि साव कोण ते कळत नाही. म्हणून भिंगावर झाकण लावायचं आणि अगदी तेवढ्याच वेळाचा फोटो काढायचा. त्यात आभाळ येत नाही, फक्त कॅमेऱ्याचा खोटेपणा येतो. मग तेवढा खोटेपणा खऱ्या फोटोतून वजा करायचा. एवढंच. त्यासाठी मी झाकण लावून कॅमेऱ्याशेजारी बसलो होतो तेव्हा सूनबाई वर आली आणि काय करतोयस म्हणाली. मी म्हटलं, अंधाराचे फोटो काढतोय. ती तशीच खाली गेली आणि बहुधा तेव्हाच तिने तुला फोन केला.

असो. (पुन्हा बघून आलो. ढग तसेच. वकील मात्र खुर्ची टाकून बसले आहेत.) शेवटी फोटो जमला. संगणकावर ती हळूहळू वर येत गेली तेव्हा मी खुर्चीत बसू शकलो नाही. मधोमध पिवळसर उजेड, त्याभोवती तिरकी पसरलेली धूळ आणि खाली एका बाजूला तिची छोटी सोबतीण. आत्या, लहानपणी जे दिसल्याचं मी खोटंच सांगत आलो ते मला पहिल्यांदा दिसलं आणि मला रडू आलं, उगाच कशाला लपवू? फाईल घेऊन छापखान्यात गेलो, मोठा चकचकीत फोटो छापायला टाकला, दुसऱ्या दिवशी बंद पाकिटात घरी आणला आणि न उघडता बाबांच्या हातात दिला. म्हटलं, पहिल्यांदा तेच बघू देत.

बाबांनी तो बाहेर काढला. खिडकीपाशी नेला. लांब धरला, जवळ धरला. मी समोर एका पायावर नाचत होतो. मग म्हणाले, वा. काय तेज आहे रे. आणि त्यांनी मधोमध बोट ठेवून तिरकं फिरवलं आणि म्हणाले, ही धुळीची पट्टी, आणि ही खाली तिची सोबतीण, तीसुद्धा आली की. मग माझ्या पाठीवर थाप मारली. जन्मात कधी मारली नव्हती. तेव्हा आत्या, माझ्या कंबरेची, सूनबाईच्या दुधाची आणि तुझ्या रागाची पुरेपूर भरपाई झाली असं समज आणि मला माफ कर.

तब्येतीला जप. कवळी काढून ठेवताना पाण्यात ठेव, कोरडी ठेवू नकोस.

तुझा भाचा,
भिंगरी

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. बाबांनी फोटो परत दिला तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. तो काळा होता. आत्या, पूर्ण काळा, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. छापखान्यातल्या माणसाने मी नेलेल्या पेन ड्राइव्हवरची चुकीची फाईल उघडून झाकण लावून काढलेला फोटो छापला होता. (मी नंतर त्याच्याशी भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, रात्रीचा फोटो आहे म्हणालात ना, रात्र काळीच असते.) तर बाबांनी त्या काळ्या कागदावर बोट फिरवून मला धुळीची पट्टी दाखवली, सोबतीण दाखवली, आणि दोन्ही अगदी बरोबर जागी. लहानपणी गच्चीवर मला दाखवायचे तेव्हापासून त्यांना जे पाठ होतं तेच त्यांनी मला वाचून दाखवलं. मी हो हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एकेक गोष्ट आठवते आहे. पाण्यातून सरळ चालणं. चहा कपाच्या शेजारी ओतणं. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आदळणं आणि चौकटीला दोष देणं. शब्दकोडं सोडून दिलं, म्हणे हल्ली कोडी टाकाऊ असतात. देवयानी शहरातल्या दिव्यांनी खाल्ली नव्हती, आत्या. वकिलांचा दिवा बंद करून मी काय मिळवलं? रात्री सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे, म्हणून तर मी त्यांच्या चपला रोज एकाच फरशीवर ठेवते. ती त्यांच्या चपलांकडे बघत होती आणि मी पंचवीस लाख वर्षांपूर्वीच्या उजेडाकडे. मला माझी लाज वाटते. सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून तुला सांगतो.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. ज्या दंतवैद्यांच्या कवळ्या मी करतो त्यांच्या शेजारीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, न तपासता काही सांगता येणार नाही, पण बाजूचं दिसत नसेल तर काचबिंदू असू शकतो, आणि तो असला तर गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं, तेव्हा उशीर करू नका. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, सहज तपासून येऊ. म्हणाले, माझे डोळे ठणठणीत आहेत, परवाच नाही का तुझा फोटो बघितला? बारीक धूळसुद्धा दिसली. यावर मी काय बोलू, सांग. फोटो काळा होता हे मी त्यांच्या तोंडावर कसं सांगू? केसाएवढी रेघ पकडणाऱ्या माणसाला? मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा फोटोची चौकट कुठल्या रंगाची करायची ते विचारलं. (चौकट केली. काळा फोटो आमच्या बैठकीत टांगला आहे. येणारे जाणारे बघतात, बाबा त्यांना त्यातली सोबतीण दाखवतात आणि कुणी काही बोलत नाही.)

तर तू ये. या जगात बाबांना बाळ म्हणणारं माणूस आता एकच उरलं आहे, आणि बाबा कुणाला घाबरत असतील तर त्याच माणसाला. तू काय म्हणशील ते म्हण, गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जायचंय म्हण, सोबतीला चल म्हण, कान धरून ने. मी त्यांना एवढंच सांगितलं आहे की तू कवळी दुरुस्त करून घ्यायला येते आहेस. खरा फोटोही मी छापून आणला आहे, कपाटावर ठेवला आहे. तो त्यांना दाखवायचा की नाही ते तू ठरव. माझी अक्कल संपली.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आले. कुणाला लिहितोयस म्हणाले. तुझं नाव सांगितलं. आण, बघू, म्हणून त्यांनी हात पुढे केला. नाही म्हणायला एकही कारण सुचलं नाही, दिली सगळी पानं. ते खिडकीशी बसले, चष्मा पुसला, एकेक पान समोर धरत गेले. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होतो. दोनदा मान हलवली. शेवटच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग पानं जुळवली, कडा गुडघ्यावर ठोकून सारख्या केल्या आणि परत देत म्हणाले, अक्षर सुधार, बाकी बरं लिहिलंयस, टाक पेटीत. दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावून थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, ताईला लिही, लवकर ये म्हणावं.

आत्या, त्यांना एक अक्षरही दिसलं नाही, की शेवटपर्यंत वाचून ते असं म्हणाले, मला कळत नाही. विचारायचा धीर नाही. दिसलं नसेल तर ये. आणि वाचलं असेल तर मिळेल त्या गाडीने ये.